लिंबू, दावं आणि एक किलोमीटर : चेतापेशी समजून घेताना

चेतापेशीची आकृती आपण सगळ्यांनी कधी ना कधी काढलेली असते. डावीकडे फाटे फुटलेला तारा, त्यात गोल केंद्रक, उजवीकडे मण्यांच्या माळेसारखी शेपटी आणि शेवटी पुन्हा फाटे. सहा-सात नावं, तेवढेच बाण, पैकीच्या पैकी गुण. मलाही मिळाले होते. भाचीला शिकवायला बसले तेव्हा तिने विचारलं, "मावशी, ही खरी केवढी असते गं?" आणि मी अडले. आकृतीत शेपटी डोक्याच्या तिप्पट लांब काढायचा माझा हात बसला होता. खऱ्या पेशीत ती वीस हजार पट लांब असू शकते.

प्रमाण हरवलं की कोणता भाग कशासाठी आहे तेही कळेनासं होतं. म्हणून इथे सगळं मापाने घेऊ, हजार पटींनी मोठं करून. १ मायक्रोमीटरचा होईल १ मिलिमीटर, १ मिलिमीटरचा १ मीटर आणि १ मीटरचा १ किलोमीटर. वही, पेन्सिल आणि एक मोठंसं लिंबू जवळ घ्या. बाकीचं डोळ्यांपुढे आणायचं.

आधी "नस" या शब्दाचा घोळ

"नस दबली" म्हणताना आपण चेतेबद्दल बोलतो, आणि "इंजेक्शनला नस सापडत नाही" म्हणताना रक्तवाहिनीबद्दल. दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी. रक्तवाहिनी पोकळ नळी असते. चेता ही हजारो बारीक धाग्यांची जुडी असते, आणि त्यातला एकेक धागा म्हणजे एकेका चेतापेशीची शेपटी. चेता म्हणजे एक पेशी नव्हे, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

जुन्या पुस्तकांत मज्जातंतू, मज्जापेशी असे शब्द भेटतील. अर्थ तोच. हाडातल्या मज्जेशी त्यांचा काही संबंध नाही.

शरीरात चेतापेशींचे प्रकार पुष्कळ. पुस्तकातली ती ओळखीची आकृती असते प्रेरक चेतापेशीची, म्हणजे स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीची. आपणही तिचाच माग काढू. पायाचा अंगठा खाली वाकवून बघा. तो वाकवणारा एक छोटा स्नायू तळपायात आहे. त्याला हुकूम देणाऱ्या पेशीचं मुख्य अंग मात्र तळपायात नाही, ते कमरेच्या वरच्या बाजूला, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत आहे. तिथून तळपायापर्यंत, मोठ्या माणसात, साधारण १ मीटरचं अंतर. हे सगळं अंतर एकच पेशी कापते.

पहिली पायरी : लिंबू

लिंबू म्हणजे पेशीकाय, पेशीचं मुख्य अंग. या जातीच्या पेशीचं पेशीकाय सुमारे ५० मायक्रोमीटरचं धरू, म्हणजे आपल्या मापात ५ सेंटिमीटर. याच मापात डोक्याचा केस सात-आठ सेंटिमीटर जाड होईल, म्हणजे आपलं लिंबू केसाच्या जाडीतही मावेल.

लिंबाच्या मधोमध केंद्रक काढा. त्याच्याभोवती ठिपके द्या. हे निसल कण, प्रथिनं बनवण्याचा कारखाना. फ्रान्झ निसल या जर्मन डॉक्टरने १८८० च्या दशकात विशिष्ट रंग वापरून ते दाखवले. हा कारखाना महत्त्वाचा का, हे किलोमीटरभर लांबीकडे बघून कळतं. इतक्या लांब शेपटीला लागणारी बहुतेक सगळी प्रथिनं इथेच तयार होतात आणि इथून रवाना होतात.

म्हणून शेपटी तुटली आणि लिंबू शाबूत राहिलं, तर हातापायातल्या चेतांमध्ये शेपटी पुन्हा वाढू शकते. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. विळीवर बोट खोल कापलं की पुढे कित्येक आठवडे तिथे बधिर वाटतं आणि मग हळूहळू जाणीव परतते, ते यामुळे. लिंबूच गेलं तर मात्र उपाय नाही, कारण या पेशी विभागून नव्या होत नाहीत. पोलिओचा विषाणू नेमका मेरुरज्जूतल्या याच पेशीकायांवर हल्ला करतो. पाय, त्यातले स्नायू, हाडं, सगळं जागेवर असतं. हुकूम देणारं कुणी उरत नाही. मग न वापरलेला स्नायू सुकत जातो.

दुसरी पायरी : फांद्या

लिंबाभोवती फांद्या काढा, आणि कंजूषपणा करू नका. या वृक्षिका. पुस्तकात त्या तारेच्या टोकांएवढ्या असतात. आपल्या मापात लिंबापासून मीटरभर लांब जाणाऱ्या, पुढे पुढे बारीक होत फुटत जाणाऱ्या फांद्या हव्यात. वही पुरणार नाही, जमिनीवर खडूने काढा. भाचीने गच्चीवर काढल्या होत्या, आणि तेव्हा कुठे तिला "वृक्षिका" हा शब्द पटला.

फांद्यांचं काम ऐकणं. हजारो इतर पेशींची टोकं या फांद्यांवर आणि लिंबावर येऊन टेकलेली असतात. इथे एक गोष्ट शाळेत बहुतेक सांगितलीच जात नाही : येणारे निरोप दोन तऱ्हांचे असतात. काही "हो" म्हणणारे, काही "नको" म्हणणारे. काट्यावर पाय पडला की पाय वर घेणाऱ्या स्नायूंच्या पेशींना "हो" जातो आणि त्याच क्षणी उलट बाजूला ओढणाऱ्या स्नायूंच्या पेशींना "नको". दोन्ही स्नायू एकदम आवळले तर पाय काट्यावरच ताठ राहील. हा "नको" लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून एक आजार समजणार आहे.

या फांद्या माणसाला पहिल्यांदा नीट दिसल्या त्याची गोष्ट मला फार आवडते. मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सगळा गुंता दिसतो. कुठली फांदी कुणाची, पत्ता लागत नाही. १८७३ मध्ये कॅमिलो गोल्जी या इटालियन डॉक्टरने चांदीच्या क्षाराची एक रीत काढली. तिची गंमत अशी की ती शेकड्यातल्या अगदी मोजक्या पेशींनाच रंगवते, पण ज्यांना रंगवते त्यांना शेंड्यापर्यंत काळंभोर करते. सगळं जंगल रंगलं असतं तर काहीच दिसलं नसतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती रीत हाती घेतली, चित्रांमागून चित्रं काढली आणि सांगितलं की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, दुसरीला चिकटलेली नाही. गोल्जींचं मत उलट, की सगळं एकच अखंड जाळं आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जींनी नोबेलच्या भाषणातही आपलाच हेका धरला. ज्याच्या हत्याराने सत्य दिसलं त्यालाच ते पटलं नाही!

तिसरी पायरी : उंचवटा

लिंबाच्या एका बाजूला निमुळता उंचवटा काढा आणि तिथून एकच जाड रेघ बाहेर न्या. फांद्या अनेक, शेपटी एक. या शेपटीचं नाव अक्षतंतू, आणि तो जिथे सुरू होतो त्या तुकड्यात निर्णय होतो.

निर्णय म्हणजे काय, तर बेरीज. स्वस्थ बसलेल्या पेशीच्या आतल्या बाजूला बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलिव्होल्टचा ऋण दाब असतो. टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्शाएवढा. "हो" आला की हा ऋण दाब थोडा उतरतो, "नको" आला की सहसा तो उतरणं अडतं किंवा उलट वाढतो. सगळ्यांचा हिशोब होऊन आकडा उणे ५५ च्या आसपास पोचला की ठिणगी पडते. नाही पोचला तर काहीही होत नाही.

ठिणगी लहान-मोठी नसते. लवंगी फटाका उदबत्तीने पेटवा नाहीतर मशालीने, आवाज तेवढाच. मग अंगठा हळू वाकवायचा की जोरात, हे स्नायूला कसं कळतं? एका सेकंदात किती लवंग्या वाजल्या आणि किती पेशी एकदम कामाला लागल्या, त्यावरून.

चौथी पायरी : दावं

आता खरी मजा. आपल्या मापात अक्षतंतू सुमारे १ सेंटिमीटर जाड असेल, गुरं बांधायच्या दाव्याएवढा, आणि लांब १ किलोमीटर. लिंबाला बांधलेलं किलोमीटरभर दावं. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की पुढचे दोन प्रश्न आपोआप पडतात : इतक्या लांब ठिणगी पोचते कशी, आणि इतक्या लांब माल पोचतो कसा?

ठिणगीचं आधी. तंतूच्या कातडीत सोडियमची दारं असतात. दाब बदलला की ती उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्याने शेजारचा दाब बदलतो, तिथली दारं उघडतात. फटाक्यांची माळच. फरक असा की ही माळ मिलिसेकंदांत पुन्हा वाजायला तयार होते, कारण सोडियमची दारं लगेच मिटतात आणि पोटॅशियम बाहेर पडून दाब पूर्ववत होतो. आत आलेलं सोडियम नंतर पंप बाहेर फेकत राहतात, त्याला शक्ती लागते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा खातो. त्यातला मोठा वाटा या उपशावर जातो.

ही दारं तुम्हाला अनुभवाने माहीत आहेत. दात काढण्याआधी देतात ते बधिर करणारं इंजेक्शन सोडियमची दारं बंद ठेवतं. दात दुखायचा तसा दुखतो, निरोप वाटेत अडतो. याच्या उलट कोकणातला लाल विंचू. त्याचं विष ही दारं वेळेवर मिटू देत नाही. मग शरीराचा आतला कारभार बघणाऱ्या चेता वाजतच राहतात : दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब वर, हृदयावर ताण. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरून अनेक जीव वाचवले. ते औषध विषाला मारत नाही, चेतांच्या त्या गोंगाटाचा रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम थोपवतं.

आता मालाचं. दाव्याच्या आत सूक्ष्म नलिकांचे रूळ असतात आणि त्यावरून सामान वाहून नेलं जातं. जलद गाडी दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे कमरेपासून तळपायापर्यंत दोन-अडीच दिवस. संथ मालगाडीला महिने लागतात. वाहतूक दोन्ही दिशांना चालते, आणि परतीच्या गाडीत चोरटेही बसतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला रेबीजचा विषाणू असाच तंतूतून वर चढतो. चावा तोंडा-मानेजवळ असेल तर वाट जवळची, म्हणून धोका अधिक तातडीचा. तो पोचायच्या आत लस आणि, जखमेनुसार, प्रतिद्रव्याचं इंजेक्शन द्यायचं असतं. लक्षणं दिसू लागल्यावर हाती जवळपास काहीच उरत नाही. धनुर्वाताचं विषही याच वाटेने मेरुरज्जूत जातं आणि तिथे "नको" म्हणणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. मागे लक्षात ठेवायला सांगितलेला "नको" तो हाच. नकार थांबले की सगळे स्नायू एकदम आवळतात आणि शरीर धनुष्यासारखं वाकतं. आजाराचं नाव तिथूनच आलं.

पाचवी पायरी : दाव्यावरचं वेष्टण

आकृतीतले मणी म्हणजे मायलिनचं आवरण. हातापायातल्या चेतांमध्ये श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही) नावाच्या मदतनीस पेशी तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात, सुरळीच्या वडीसारख्या, थरावर थर. एक श्वान पेशी एकच तुकडा सांभाळते. आपल्या मापात एक तुकडा साधारण मीटरभर लांब आणि दोन तुकड्यांमधली उघडी जागा अवघी १ मिलिमीटर. म्हणजे आपल्या किलोमीटरला हजारेक श्वान पेशी लागल्या. त्या उघड्या फटी म्हणजे रानव्हिएच्या गाठी, लुई-आंत्वान रानव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने. गाठ हे नाव मला मुळीच पटत नाही. तिथे गाठ नसते, फट असते. आकृतीत ती मण्याच्याच रुंदीची काढतात हेही चूक.

सोडियमची दारं या फटींत दाटीवाटीने असतात. ठिणगीला इंच-इंच जावं लागत नाही, ती फटीवरून फटीवर उडी घेते. पायातल्या प्रेरक चेतांमध्ये वेग सेकंदाला ४० ते ५० मीटर किंवा थोडा जास्त. एन.सी.व्ही. ची, म्हणजे चेतांमधला निरोपाचा वेग मोजायची चाचणी कुणाची झाली असेल तर रिपोर्टवरचे आकडे हेच. अंगठ्याचा हुकूम तळपायात सेकंदाच्या पन्नासाव्या भागात हजर.

वेष्टण नसेल तर काय, हे ठेच लागल्यावर स्वतःच मोजा. आधी एक टोचरी, लख्ख कळ येते आणि सुमारे सेकंदभराने दुसरी, ठणकणारी. पहिली पातळ वेष्टण असलेल्या तंतूंनी आणलेली. दुसरी बिनवेष्टणाच्या तंतूंनी, ज्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. "आई गं" निघतं ते पहिल्या कळेला. मग आपण पाय धरून दुसरीची वाट बघतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या भागात, जीबीएसचे म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा घरोघरी मायलिन हा शब्द पोचला. पोटाच्या किंवा इतर संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच चेतांवर उलटते, असा हा आजार. काहींत हल्ला वेष्टणावर होतो, काहींत थेट दाव्यावर. आता तुम्हीच सांगू शकाल की बरं व्हायला कुठल्या रुग्णाला जास्त वेळ लागण्याची शक्यता. वेष्टण श्वान पेशी आठवड्या-महिन्यांत पुन्हा गुंडाळतात. दावंच तुटलं असेल तर दिवसाला मिलिमीटरचा हिशोब.

कुष्ठरोगाचा जंतूही श्वान पेशींतच घर करतो. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथली चेता बोटांनी चाचपून ती जाड झालीय का हे आरोग्य कर्मचारी पाहतात. बोटं "झडतात" ही समजूत चुकीची. जाणीव गेल्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखमा चिघळतात, आणि बोटं त्याने जातात.

सहावी पायरी : फट, जिथे वीज थांबते

तळपायात पोचल्यावर दाव्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याचं टोक एकेका स्नायूतंतूपाशी थांबतं. अगदी जवळ, पण चिकटत नाही. मधली फट आपल्या मापातही मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, वहीच्या कागदाच्या जाडीहून कमी. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये अशा जागेला सायनॅप्स हे नाव दिलं. मराठीत चेतासंधी म्हणू. ती फट प्रत्यक्ष दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, १९५० च्या दशकात. काहाल जिंकले ते आपल्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी.

ठिणगी ही फट ओलांडत नाही. टोकात रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. ठिणगी आली की कॅल्शियम आत येतं, पिशव्या फुटतात, ॲसिटिलकोलीन फटीत सांडतं, पलीकडच्या कुलपांत किल्लीसारखं बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच एक विकर (एन्झाइम) उरलेलं ॲसिटिलकोलीन तोडून टाकतं, नाहीतर स्नायू सुटणारच नाही.

यातली तीन कामं, म्हणजे रसायन सोडणं, कुलपांत बसणं आणि उरलेलं तोडणं, बिघडवणारी विषं आपल्या शेतातच आहेत. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडच्या टोकाची नासधूस करतं. नागाचं विष पलीकडची कुलपं अडवून बसतं. दोन्हींत पापण्या जड होतात, बोलणं-गिळणं अवघड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. दंशाची जागा बघत बसण्यापेक्षा रुग्णाला तडक रुग्णालयात न्यायचं ते यासाठी. तिसरं विष बाटलीतून येतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ते साफसफाई करणारं विकरच बंद पाडतात, मग लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड. फवारणी करताना वाऱ्याची दिशा, हातमोजे, तोंडावरचा कपडा यांचा आग्रह धरतात, त्यामागे ही एवढीशी फट आहे.

आता दुसरी पेशी काढून बघा

इथवर जमलं की संवेदी चेतापेशी स्वतःच्या हाताने काढा. ठेचेची कळ वर नेणारी. तिचं लिंबू टोकाला नसतं, तंतूच्या एका बाजूला, देठाने लटकल्यासारखं असतं. आणि मेरुरज्जूच्या आत नाही, शेजारच्या छोट्या गाठीत. निरोप लिंबाला न विचारता पुढे निघून जातो. "वृक्षिका, मग पेशीकाय, मग अक्षतंतू" असा क्रम पाठ केलेला इथे कोसळतो. दोघींच्या मध्ये निरोप फिरवणाऱ्या पेशींचे आकार तर विचारूच नका. लहान मेंदूतल्या पुर्किंज्ये पेशीची वृक्षिका भिंतीवर पसरलेल्या वेलीसारखी, आणि तिच्यावर येऊन टेकणारी टोकं लाखाच्या घरात.

आणि शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत चेतापेशीची तयार काचपट्टी मिळाली तर एक खूण सांगते. निळसर तारे दिसतील, लांब शेपटी दिसणार नाही, कारण ती काचेवर मावणारच नाही. ताऱ्यातून निघणारा प्रत्येक फाटा जिथे सुरू होतो तिथे नीट पाहा. निसलचे ठिपके ज्यात शिरलेत त्या वृक्षिका. एका फाट्याच्या बुडाशी ठिपके एकदम संपून फिकट जागा दिसेल. तो उंचवटा. भाचीला तो चौथ्या पेशीत सापडला, मला सातव्या.